चंद्रप्रभा टॉकीजची हाळी

पाहुणे, आत गेल्यावर एक ध्यानात ठेवा. आमच्या वेळूखेडच्या चंद्रप्रभा टॉकीजमध्ये मध्यंतरानंतर पडदा एकाएकी काळा होतो, आणि मग सगळ्यांनी जोरात ओरडायचं असतं. मशीन बिघडलेलं नसतं. तुम्हीही ओरडा, लाजायचं काय त्यात! बाहेरगावचा माणूस हमखास दचकतो, म्हणून यामागची गोष्ट आधीच सांगून टाकतो.

फार वर्षं झाली. घरोघरी टीव्ही आला आणि टॉकीज ओस पडली. तिकीट फाडणारे गेले, चहावाला गेला, उरला एकटा लिंबाजी ऑपरेटर. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. मशीनची खोली हेच त्याचं घर. मालकाने त्याला बजावलं होतं, "ज्या दिवशी आत एकही माणूस नसेल, त्या दिवशी कुलूप घाल आणि किल्ली मला आणून दे. मला इथं गोदाम करायचंय."

आता पंचाईत अशी, की मशीनच्या खोलीतल्या झरोक्यातून पडदा दिसतो, खालच्या खुर्च्या दिसत नाहीत. खाली उतरून बघावं, तर तेव्हाच्या मशीनमध्ये उजेडासाठी जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या सारख्या सरकवाव्या लागत, जागचं हलता येत नसे. मग लिंबाजीने युक्ती काढली. दार उघडं टाकून तो वर जायचा, आणि मध्यंतर झालं की भिंगापुढे तळहात धरायचा. पडदा काळा! लगेच खालून आवाज यायचा, "ओ, लावा की!" बाईचा आवाज, रोज तोच, एकटाच. लिंबाजीचा जीव भांड्यात पडायचा. असे सांगतात, की दिवसभरात त्याच्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. एवढं ऐकायला तो सकाळपासून वाट बघायचा. खेळ संपवून उतरेपर्यंत मात्र बाई निघून गेलेली असायची.

एका दुपारी त्याने हात धरला आणि खालून काहीच आलं नाही. झरोक्याला तोंड लावून तो म्हणाला, "हाय का कुणी?" मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती. लिंबाजीला भडभडून आलं. ही एक होती, तीही कंटाळली! त्याने मशीन बंद केलं, खाली उतरला, पण आत डोकावला नाही. रिकाम्या खुर्च्या त्याला बघवल्या नसत्या. कुलूप घातलं आणि किल्ली मालकाच्या हातात ठेवून आला.

दिवस कलला तशी गावात हाकाटी झाली, केवळबाई घरात नाही. केवळबाई म्हणजे वरच्या आळीची विधवा, एकटी राहायची. तिची शेळी दाव्याला ओरडत होती म्हणून शेजारणीच्या लक्षात आलं. लोकांनी विहिरी पाहिल्या, ओढा पाहिला. रोज दुपारी ती जाते कुठं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विधवा बाई पिक्चरला जाते म्हटल्यावर गावानं तोंडसुख घेतलं असतं, म्हणून ती टॉकीजमधले दिवे मालवल्यावर शिरायची आणि ते पुन्हा लागायच्या आत निघायची. शेजारीण रडत म्हणाली, "सकाळपासून घसा बसलाय हो तिचा. हाक मारायची म्हटली तरी आवाज फुटायचा नाही."

हे कानावर पडलं आणि दुपारी खालून आवाज का आला नाही, ते लिंबाजीला उमगलं. तो धावतच सुटला. मागोमाग गाव. किल्लीसाठी तो थांबला नाही, दगडाने कुलूप फोडलं. केवळबाई दाराशीच बसली होती. पिक्चर पुन्हा लागेल म्हणून ती खुर्चीत थांबली, तोवर बाहेरून कुलूप लागलं होतं. दार बडवून बडवून हात सुजले होते. टॉकीज म्हणजे पूर्वीची कापसाची जिनिंग गिरणी; जाड भिंती त्या, बाहेर काय ऐकू जाणार!

"बाई, चुकलो," लिंबाजी म्हणाला. "मी नुसतं ऐकत राहिलो. बघितलं नाही."

केवळबाईने पडद्याकडे बोट केलं. अर्धा पिक्चर राहिला होता ना!

लिंबाजी वर गेला. गाव तिथंच बसलं, आणि मालकसुद्धा, म्हणे, मागच्या रांगेत टेकला. आपल्यातली एक बाई रोज एवढी एकटी बसत होती, याची सगळ्यांना लाज वाटली होती. दुसऱ्या दुपारी वरच्या आळीच्या बायका तिला बोलवायला तिच्या दारात गेल्या. गोदामाचं नाव पुन्हा निघालं नाही.

आजही पडदा काळा होतो आणि सगळं गाव ओरडतं. पण ऑपरेटर त्या ओरडण्यावर भरवसा ठेवत नाही. खेळ संपला की बॅटरी घेऊन तो खाली येतो, खुर्ची न् खुर्ची बघतो. कुणी एकटंच बसून राहिलेलं दिसलं, तर त्याला उठवत नाही. बॅटरी विझवतो आणि शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसतो.