शिदोबाचा मोरावळा

एका गावात एक भोळा बजाबा होता. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता, तो इथे नको.

बजाबाची बायको ठकू रागावून माहेरी गेली होती. सासऱ्याचा, शिदोबाचा, निरोप आला, "जावयाला काडीची अक्कल आलीय का, ते डोळ्यांनी बघतो. मगच पोर नांदायला धाडतो." आईने देवापुढे हात जोडले. बजाबा मात्र खूश. पाहुणा येणार म्हणजे गोडधोड होणार!

आईने मोरावळा करायला घेतला. बजाबा समोर फतकल मारून बसला.

"आई, यात मोर कधी घालायचा?"

"मोर नाही रे माझ्या राजा! पाकात मुरलेला आवळा, म्हणून मोरावळा. आंबट आवळा घ्यायचा, दाभणाने टोचायचा. टोचल्याशिवाय गोडी आत शिरत नाही. मग पाकात टाकून महिनाभर मुरू द्यायचा. मध्येच उघडला की बिघडला!"

"कळलं," बजाबा म्हणाला. त्याला सगळं कळायचं, हीच तर पंचाईत होती.

दुपारी आई म्हणाली, "माठ भर." बजाबाने आधी माठाला दाभणाने भोकं पाडली. टोचल्याशिवाय पाणी आत कसं शिरणार? घरभर तळं झालं.

"अरे कर्मा! भांडं भरावं, तोंडाला फडकं बांधावं, कोपऱ्यात ठेवावं. एवढंही कळत नाही?"

"कळलं."

संध्याकाळी आई म्हणाली, "वासराला पोटभर पाज." बजाबाने पाजलं. वासरू भरलं. मग त्याच्या तोंडाला फडकं बांधून त्याला कोपऱ्यात ठेवलं. सकाळी आईने कपाळावर हात मारला.

"मेल्या, चार पायांच्या जिवाचं तोंड बांधतात का?"

"चार पायांच्याचं नाही बांधायचं. कळलं."

आई उरलेला पाक झाकून शेजारी तूप मागायला गेली. तेवढ्यात शिदोबा आला. बजाबाने वाकून नमस्कार केला, पाणी दिलं, अगदी शहाण्यासारखं. शिदोबालाही बरं वाटलं.

"उन्हातून आलो जावईबापू. पित्त खवळलंय. सारखे आंबट ढेकर येताहेत."

"आंबट?" बजाबाचे डोळे चमकले. "मामा, काळजी सोडा. मला याचं सगळं येतं."

आई तूप घेऊन परतली, तर कोपऱ्यात शिदोबा बसलेला. हातपाय दाव्याने बांधलेले, डोक्यावरून पाक ओघळतोय, तोंडाला फडकं आणि मिशीवर मुंग्यांची रांग. डोळे मात्र सगळं बोलत होते.

"अरे मेल्या, हे काय केलंस?"

"मामा आंबट झाले होते गं. पण टोचू देईनात. दाभण बघून ओरडायलाच लागले, म्हणून फडकं आधी बांधलं."

"माणसाचं तोंड बांधलंस?"

"दोनच पाय आहेत. मोजून घेतले."

आई रडकुंडीला आली. "आणि ठकूला धाडायचं काय म्हणाले?" असं विचारत ती फडकं सोडायला धावली. बजाबाने तिचा हात घट्ट धरला.

"हां हां, आई! मध्येच उघडलंस तर बिघडतील. ठकूचं महिन्याने विचारू. तोवर चांगले मुरतील, मग गोडच बोलतील."