शिंकायची चोरी

एका नदीच्या अलीकडच्या गावात एक सनईवाला राहायचा. पंचक्रोशीतलं एकही लग्न त्याच्या सनईशिवाय लागत नसे. त्याला एकुलती एक मुलगी. "तुला सासरच्या उंबऱ्यापर्यंत वाजवत पोचवीन," असं तो तिला ती पाळण्यात होती तेव्हापासून सांगत आला होता.

त्या गावच्या पाटलाला पलीकडच्या गावाचा भारी धसका. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. वेशीवर एक जुनी चिंच होती आणि तिच्यावर आग्या माशांचं मोहोळ. ते बघून पाटलाच्या डोक्यात किडा वळवळला. त्यानं मध काढायला बंदी घातली, माशांसाठी पाण्याचे हौद बांधले आणि उभी ज्वारी मोडून फुलांसाठी कारळं पेरलं. दोन वर्षांत एकाची अकरा मोहोळं झाली.

"पलीकडचं कुणी वाकड्या नजरेनं बघू दे," पाटील म्हणाला, "गोफणीचा एक धोंडा आन् खेळ खलास!"

गावानं टाळ्या पिटल्या. सनईवाल्यानंही पिटल्या. पारावरचा एक म्हातारा उभ्या जन्मात माशीच्या वाटेला गेला नव्हता, तो रोज माशांवर दोन तास बोलू लागला आणि लोक माना डोलावू लागले.

घरी सनईवाल्याच्या बायकोनं विचारलं, "पर आपलं कोण आन् परकं कोण, ते माशास्नी कसं कळायचं?"

"पाटलांनी इचार केला असंल की," म्हणत तो जेवायला बसला. पाटलानं विचार केला नव्हता.

पलीकडच्या पाटलानंही आपल्या वेशीवरच्या वडावर चौदा मोहोळं जमवली. झालं! "त्यांची चौदा आन् आपली अकराच? अब्रू गेली गावाची!" म्हणून पार पेटला. इकडं एकवीस झाली, तर तिकडं पंचवीस.

मग हळूहळू एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. धुरानं माशा उठतात, म्हणून चुली बंद झाल्या आणि गाव भिजवलेल्या डाळीवर आलं. आवाजानं माशा उठतात, म्हणून देवळातली घंटा फडक्यात गुंडाळली. विहिरीवरच्या बायका हातवारे करून भांडू लागल्या, पण त्या भांडणात काही राम नव्हता. शिंक आली की माणसं नाक दाबून डोळे पांढरे करायची. गावाला शिंकायची चोरी झाली. पलीकडंही तीच गत. तरी पारावर कुजबुज चालूच होती, "काही म्हणा, दरारा आहे आपला!"

अशात सनईवाल्याच्या मुलीचं लग्न ठरलं, तेही पलीकडच्या गावात. तो पाटलाकडं गेला.

"वाजव की," पाटील हळूच म्हणाला. "फकस्त फुंकू नगंस. नुसते गाल फुगव."

सनईवाल्याला रडू कोसळलं, आणि तेही त्याला आवाज न करता रडावं लागलं. टाळ्या पिटल्याची त्याला मनापासून लाज वाटली. मग त्यानं डोळे पुसले आणि नदीच्या मधोमध, दोन्ही झाडांपासून लांब असलेल्या वाळूच्या बेटावर मांडव घातला.

लग्नाला दोन्ही गावं लोटली. चुली पेटल्या, सनई घुमली, माणसं पोटभर हसली आणि पोटभर भांडली. मंगलाष्टकं झाली, जेवणं झाली, तरी घरी जायचं कुणी नाव काढीना.

पाटील एकटाच चिंचेखाली राखणीला बसला होता. कुणाची राखण, ते विचारायला गावात माणूस उरला नव्हता. एवढ्यात त्याला शिंक आली. वर्षाची साठलेली. नाक दाबून तो उठला, धावत सुटला, पाणी तुडवत बेटावर आला आणि असा शिंकला की मुंडावळ्या हलल्या. पलीकडून दुसरा पाटील नाक दाबून धावत येत होता. तोही शिंकला. दोघं ओल्या धोतरांनी एकमेकांकडं बघत राहिले.

सनईवाला पुढं झाला. "पाटील, माझ्या लेकीची वरात ह्यांच्या वडाखालनं जायची हाय. मुक्यानं धाडू का तिला?"

"आधी त्यांनी धूर करावा," आपला पाटील म्हणाला.

"वा रं वा! आधी तुम्ही," दुसरा म्हणाला.

"त्यांचा माणूस आपल्या चिंचेवर चढंल, आपला त्यांच्या वडावर," सनईवाला म्हणाला. "मी हितनं सूर लावतो. त्या सुराला दोन्हीकडं एकदमच टेंभे पेटवा."

"एक तरी मोहोळ राहू द्या," पाटील कळवळून म्हणाला. तेव्हा वर्षभर गप्प असलेली पाटलीणबाई सगळ्यांदेखत ओरडली, "पुरं झालं आता!" पाटलानं मान खाली घातली.

दिवस कलताना सूर निघाला. दोन्ही तीरांवर धूर चढला आणि माशा रानाकडं निघून गेल्या. सकाळी मध दोन्ही गावांत वाटला. पारावरचा म्हातारा बोटं चाटत सांगू लागला की मी तर पहिल्यापासून नको म्हणत होतो.

वरात मोकळ्या वडाखालून गेली. सासरचा उंबरा येईपर्यंत सनई थांबली नाही. तिथं मात्र बापाचा श्वास पुरेना, आणि या वेळी तो मोठ्यानं रडला.

तात्पर्य काय, तर शेजाऱ्याला भिववायला पाळलेल्या माशा आधी आपलंच तोंड बंद करतात. आणि ज्या राखणीपायी स्वतःच्या घरात शिंकायची चोरी होते, ती राखण नव्हे.