श्रीपती मिस्त्रीच्या दोन बरण्या

एका पेठेच्या गावात श्रीपती नावाचा मिस्त्री राहत होता. विहिरीवरची मोटर असो, पिठाची गिरणी असो की देवळातला मुका झालेला भोंगा असो, श्रीपतीचा हात लागला की काम चालू. हात खरोखरच गुणी होता. खोड एकच होती. आपल्यावाचून लोकांचं अडतं, हे ऐकायला त्याला फार आवडायचं.

त्याच पेठेत भानुदासचं सलून होतं. सलूनात भिंतीला लागून काचेची लांबलचक टाकी होती आणि तीत सात गोल्डफिश होते. भानुदासने ते बोटाएवढे असताना आणले होते. आता एकेक वीतभर झाला होता. भानुदास एकटा माणूस. सकाळी दुकान उघडलं की आधी माशांशी बोलायचा, मग गिऱ्हाइकांशी. सगळ्यात थोरल्या, पांढऱ्या शेपटीच्या माशाला तो 'पाटील' म्हणायचा. पाटील काचेशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागला की भानुदास अर्धी दाढी तशीच सोडून त्याला दाणे घालायला जायचा. गिऱ्हाइकंही कुरकुरत नसत. पाटलाचा मान पेठेत सगळ्यांना ठाऊक होता.

मासे वाढले तशी टाकीतली घाणही वाढली. एक दिवसाआड बादल्या भरभरून पाणी बदलता बदलता भानुदासची कंबर धरली. शेवटी त्याने श्रीपतीला गाठलं.

"मिस्त्री, पाणी आपलं आपण साफ होईल असं काहीतरी कर बाबा."

"एवढंच ना? मी आहे ना!" श्रीपती म्हणाला.

मोठ्या टाकीच्या खाली त्याने एक लहान टाकी ठेवली. तिच्यात स्पंज आणि खडे भरले. वरचं घाण पाणी खाली यायचं, स्पंजातून गाळून निघायचं आणि छोटी मोटर ते पुन्हा वर ढकलायची. आता पाणी खाली आणायचं कसं? काचेला भोक पाडायला काचवाला तयार होईना. तडकली तर सगळंच गेलं म्हणाला. मग श्रीपतीने प्लास्टिकचा पाइप वाकवून टाकीच्या काठावरून पलीकडे उतरवला. पाइपाच्या वाकणावर एक बारीक नळी बसवली. तिला तोंड लावून आतली हवा ओढून घेतली आणि नळीला बूच मारलं. झालं! पाणी काठ चढून आपसूक पलीकडे उतरू लागलं. पाइप पाण्याने भरलेला आहे तोवर ते वाहतच राहतं.

बघायला निम्मी पेठ जमली. "अहो, पाणी चढतंय की वर!" असं म्हणून लोक पाइपाला हात लावून बघत होते. श्रीपती कमरेवर हात ठेवून उभा होता.

"आणि लाइट गेली तर?" भानुदासने विचारलं.

"गेली तर मोटर बंद, पाणी बंद. त्यात काय एवढं?"

लाइट जाण्याचा विचार त्याने केला होता. परत येण्याचा केला नव्हता.

तिसऱ्याच दिवशी लाइट गेली. मोटर थांबली. पाइपाच्या तोंडाखाली पाणी उतरलं, पाइपात हवा शिरली आणि तो रिकामा झाला. तासाभराने लाइट आली. मोटर इमानेइतबारे पाणी वर ढकलू लागली, पण रिकामा पाइप काही ते खाली घेईना. टाकी काठोकाठ भरली आणि पाणी सलूनभर झालं. भानुदास ओरडत श्रीपतीकडे गेला. श्रीपती धावत आला, नळीला तोंड लावून हवा ओढली, बूच मारलं. पाणी पुन्हा वाहू लागलं.

"वा मिस्त्री! तुम्ही होता म्हणून," बाकावरचा एकजण म्हणाला.

बस. तिथे घोटाळा झाला. ते वाक्य श्रीपतीला साखरेसारखं गोड लागलं.

त्या गावात लाइट आठवड्यातून दोनतीनदा तरी जायची. दर वेळी भानुदासचा फोन यायचा. श्रीपती हातातलं काम टाकून निघायचा. सलूनात शिरला की लोक पाय आखडून वाट द्यायचे. तो एकदा सगळ्यांकडे बघायचा, मग नळी तोंडात धरायचा. पाणी वाहिलं की चहा यायचा. "मिस्त्री नसता तर या माशांचं काही खरं नव्हतं," असं कोणीतरी म्हणायचंच. आणि श्रीपती म्हणायचा, "काळजी करू नका. मी आहे ना!"

आता खरी गोष्ट सांगतो. या दुखण्यावरचा इलाज श्रीपतीला संक्रांतीच्या सुमारासच सापडला होता. पाइपाची दोन्ही तोंडं दोन लहान बरण्यांत बुडवून ठेवायची, एक बरणी टाकीच्या आत टांगलेली, एक बाहेर तेवढ्याच उंचीवर. बाहेरच्या बरणीला खालच्या टाकीत पाणी जायचं भोक वरच्या अंगाला ठेवायचं. मग लाइट गेली तरी बरण्यांत पाणी राहतं, हवा शिरत नाही, आणि लाइट आली की पाणी पुन्हा आपोआप वाहतं. कोणाला फोन नको, कोणी धावायला नको. मुरंब्याच्या दोन रिकाम्या बरण्या त्याने घरून उचलून आपल्या दुकानात नेऊनही ठेवल्या होत्या.

"अहो, त्या बरण्या बसवणार होतात ना?" त्याची बायको सरू विचारायची. "नाहीतर माझ्या मला परत आणून द्या."

"बसवू गं. घाई काय आहे?"

असं करता करता चैत्र उजाडला. ऊन रणरणू लागलं. श्रीपतीच्या लेकीच्या घरची वास्तुशांत आली. गाव दोन तालुके पलीकडे. नवराबायको सकाळच्या एसटीने गेली. पूजा झाली, पंगत बसली. श्रीपती व्याह्यांच्या शेजारी, मानाच्या पाटावर. पहिला घास घेतो न घेतो तोच फोन वाजला.

"मिस्त्री, लाइट आली! पाणी भरभर चढतंय! काय करू?" भानुदासचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता.

"मोटरीचा प्लग काढ आधी."

"काढला. आता ती नळी तोंडात धरून मी ओढू का? तू करतोस तसं?"

बघा हं, इथे एका वाक्याचं काम होतं. 'ओढ, पाणी तोंडाशी आलं की बूच मार.' एवढं सांगितलं असतं की झालं असतं. पण व्याही जेवायचे थांबून ऐकत होते. पंगतच्या पंगत ऐकत होती. श्रीपती मोठ्याने म्हणाला, "छे छे! तुला नाही जमायचं ते. कोणी हात लावू नका. मी आलोच!"

"जेवण टाकून जावं लागतं की काय?" व्याह्यांनी विचारलं.

"काय करणार? माझ्यावाचून अडतं त्यांचं," असं म्हणून श्रीपती ताटावरून उठला. सरू म्हणाली, "फोनवर सांगून टाका की." त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

एसटी वेळेवर मिळाली नाही. मिळाली ती वाटेत पंक्चर झाली. गावात पोचायला साडेचार तास लागले.

इकडे भानुदासने मिस्त्रीचा शब्द पाळला. नळीला हात लावला नाही. पण पाणी उभं राहिलं, उकाड्याने तापलं आणि मासे वर येऊन हवेसाठी तोंडं उघडू लागले. भानुदासने लोटा घेतला. टाकीतलं पाणी लोट्याने काढायचं आणि उंचावरून परत ओतायचं, म्हणजे पाण्यात थोडी हवा मिसळेल. हात भरून आला की गिऱ्हाइकं आळीपाळीने लोटा घेत होती. एकाच्या तोंडावरचा फेस तसाच वाळून गेला होता. सहा मासे कसेबसे तग धरून राहिले. पाटील अंगाने सगळ्यात मोठा, त्याला हवा पुरेना. तो आडवा झाला तो पुन्हा सरळ झाला नाही.

श्रीपती आला तेव्हा सलूनात कोणी पाय आखडले नाहीत. भानुदास ओल्या फरशीवर बसला होता, मांडीवर ओल्या टॉवेलात पाटील. "सात वर्षं होता रे माझ्याजवळ," एवढंच तो म्हणाला. श्रीपतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने नळी ओढून पाणी चालू केलं, तडक आपल्या दुकानात गेला आणि त्या दोन बरण्या घेऊन आला.

काम तासाभरात झालं.

भानुदास उठला. त्याने स्वतः प्लग काढला. मोटर थांबली, पाणी थांबलं. थोडा वेळ जाऊ दिला आणि प्लग परत लावला. पाणी वर चढलं आणि कोणी हात न लावता पाइपातून पलीकडे वाहू लागलं. त्याने दुसऱ्यांदा तसंच करून पाहिलं. तिसऱ्यांदाही.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मग हे आधी नाही सुचलं तुला?"

'आत्ता एसटीत सुचलं,' असं म्हणता आलं असतं. भानुदासने मानलंही असतं. श्रीपतीच्या ओठांपर्यंत ते आलं होतं. पण टॉवेलाकडे नजर गेली आणि खोटं बोलवेना.

"सुचलं होतं. संक्रांतीलाच. बरण्या तेव्हापासून दुकानात पडून होत्या."

"मग?"

"बसवल्या असत्या तर तू मला बोलावलं नसतंस."

भानुदासने दुसरा टॉवेल खांद्यावर टाकला आणि खुर्चीतल्या माणसाला म्हणाला, "मान जरा खाली घ्या." श्रीपती आपली हत्यारं गोळा करून निघून गेला.

तीन महिने भानुदास त्याच्याशी बोलला नाही. श्रीपतीनेही तोंड दाखवलं नाही. मात्र त्याच्या कामाची रीत बदलली. कुठलंही काम उरकलं की तो ते आपल्या हाताने बंद करायचा आणि मालकाला म्हणायचा, "आता तुम्ही चालू करा. मी बाहेर थांबतो." आतून हाक आली तर काम पुन्हा उघडायचा. हाक आली नाही तरच हात धुवायचा. लोक म्हणू लागले, मिस्त्री हल्ली फार वेळ लावतो. तो हसून सोडून द्यायचा.

आषाढात एकदा तो सलूनावरून चालला होता. आतून भानुदासने आवाज दिला, "अरे, दाढी केवढी वाढवलीस? ये, बस."

श्रीपती मुकाट्याने खुर्चीत बसला. भानुदासने त्याच्या तोंडाला फेस लावला. तेवढ्यात पंखा थांबला. लाइट गेली होती. वस्तरा चालत राहिला. थोड्या वेळाने पंखा पुन्हा फिरू लागला आणि मागच्या टाकीत पाणी वाहू लागलं. बाकावर चौघे बसले होते. त्यांच्यातल्या एकानेही मान वर करून पाहिलं नाही.

तात्पर्य: आपल्यावाचून लोकांचं अडावं म्हणून जो काम अर्धं ठेवतो, तो त्यांचंच नुकसान करतो. करणारा जवळ नसतानाही जे चालतं, तेच काम पुरं झालं म्हणावं.