खड्ड्याचा डोंगर

फार वर्षांपूर्वी, गावं लहान होती तेव्हा, एका गावाबाहेर एक मोठा खड्डा होता. लोक त्यात शेण, राख, भाजीची देठं टाकत. तळाशी राहणारी गांडुळं त्याचं खत करत आणि शेतकरी ते गाड्या भरभरून नेत. दर उन्हाळ्यात खड्डा पुन्हा रिकामा होई.

पुढे गावाचं शहर झालं. ट्रकमधून पिशव्या, बाटल्या, फुटके टीव्ही येऊ लागले. म्हातारं गांडूळ म्हणालं, "दादा, हे आम्हाला खाता येत नाही. लोकांना नको म्हण."

"कसं म्हणू? एवढ्या विश्वासाने आणतात," खड्डा म्हणाला. खरं तर भरत चालल्याचा त्याला आनंदच होता.

गांडुळं निघून गेली. खड्डा भरला, मग त्याचा डोंगर झाला. शेजारच्या विहिरीचं पाणी काळं पडलं आणि बायका रिकाम्या घागरी घेऊन परतल्या. विहीर म्हणाली, "तुझ्यातलं सगळं माझ्यात झिरपतंय रे."

एके दिवशी माणसं कचऱ्याच्या नव्या जागेसाठी ओढ्यापलीकडचा लहान खड्डा मोजायला आली. तो हरखून डोंगराला म्हणाला, "आता मीही तुझ्यासारखा उंच होणार!"

"मी उंच झालो नाही, पोरा," डोंगर म्हणाला. "मला पचलं नाही."