चोचभर जखम

खिंडीतली लढाई या कथेने पाहिलेली नाही. तिच्यापाशी आहे ती केवळ लढाईनंतरच्या तपासणीची हकीकत. त्या राज्यात जखम करकोच्याच्या चोचीने मोजली जाई. चोच जितकी आत शिरे, तितकी जखम खरी. जखमी ठरलेल्या जनावराला नदीकाठचे शांत कुरण मिळे. धडधाकट ठरलेल्याला दगडखाणीवर जुंपत, आणि तिथे दिवसातून तीनदा सुरुंग उडत.

अबलख घोड्याच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. मात्र खिंडीतून परतल्यापासून त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. एकदा पागेचे दार वाऱ्याने आपटले, तेव्हा त्याने स्वतःच्याच शिंगराला लाथ मारली. शिंगरू अजून लंगडत होते.

तपासणीच्या अंगणातल्या रांगेत त्याच्यापुढे त्याच्याच तुकडीतले, एक कान गमावलेले खेचर उभे होते.

"काय सांगणार आहेस? म्हणून दाखव," खेचर म्हणाले.

"झोप लागत नाही. आवाज झाला की मी परत खिंडीत असतो. पोराला लाथ मारली."

"हेच सांग. आणि मान जरा खाली घाल, गड्या. असा ताठ राहिलास तर खाणच काय, तुला वरातीलाही धाडतील."

खेचराच्या कानाच्या जागी चोच दोन पेरे आत गेली. त्याला कुरणाची चिठ्ठी मिळाली.

मग चोच अबलखच्या अंगभर फिरली. ती कुठेच शिरली नाही.

"काही सांगायचे आहे?" करकोच्याने विचारले.

घोडदळाची शिस्त एकच होती: वरिष्ठाने विचारले की कान स्थिर, मान ताठ, आणि उत्तर ठरलेले. सात वर्षे अबलखने तेच दिले होते.

"तयार आहे, सरकार."

आपण काय बोललो, हे त्याला बोलून गेल्यावर कळले. मान मात्र काही केल्या खाली येईना.

"अरे, पोराचं सांग की," फाटकातून खेचर कळवळून म्हणाले.

"दुसऱ्याचे बोलणे धरता येत नाही," करकोचा म्हणाला. त्याच्या स्वरात आकस नव्हता. 'धडधाकट'चा दगडी शिक्का त्याने उचलला, आणि वाळलेली शाई झडावी म्हणून आधी फळीवर आपटला.

त्या आवाजासरशी अंगणातली एकोणचाळीस जनावरे एकाच क्षणी पोट टेकून जमिनीला चिकटली. अबलखही, तोंडात चिठ्ठी धरलेले खेचरही. धूळ बसली तरी कोणी उठेना. उभा होता तो एकटा करकोचा, एका पायावर, अधांतरी शिक्का धरून. खाली अबलखचा कागद कोरा होता.

त्यावर पुढे काय उमटले, याची नोंद दप्तरात सापडत नाही.