पुन्हा पुन्हा मेलेली गाय

"कातडं दाखवलं की झालं. गाय कशानं मेली हे विचारायला राजाला सवड आहे कुठे?"

हे वाक्य दिनेओच्या कानांसाठी नव्हतं. ती कुडाच्या आड दगडावर ज्वारी भरडत होती. हात जरा थांबला आणि अंगणात बसलेल्या सासऱ्यांचे शब्द स्वच्छ ऐकू आले. दगड थांबल्याचं कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून तिनं तो लगेच पुन्हा फिरवायला घेतला.

आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा हा एक लहानसा देश. तिथल्या एका जुन्या राजानं प्रजेसाठी गाईंचा कळप उभा केला होता. कळप राज्याचा, म्हणजे सगळ्यांचा. ज्या घरी गाय नाही त्या घरी रोज सकाळी या कळपाचं गाडगंभर दूध जायचं. दिनेओ अशाच घरात वाढली होती. कळपातल्या प्रत्येक गाईच्या डाव्या कानाच्या टोकाला एक खाच असे. ती राज्याची खूण.

कळप सांभाळायला महामंडळ होतं. दिनेओचे सासरे मोखेले त्याचे अध्यक्ष, पुले उपाध्यक्ष, आणि खाली बरेच मानकरी. गाईंच्या घंटांवर देखरेख करणारा एक, आणि घंटा वाजतात ना, हे त्याला विचारणारा दुसरा. गाई चरायला नेणारा मात्र एकटाच होता, आणि त्याला बैठकीला कधी कुणी बोलावलं नव्हतं.

नियम असा होता की गाय मेली तर तिचं कातडं राजाला नेऊन दाखवायचं. मग राजा आपल्या खिल्लारातली नवी गाय धाडायचा आणि कातडं मंडळाकडे राहायचं. नियम करणाऱ्याला वाटलं असेल, कातडं काही खोटं बोलत नाही.

त्या देशात आणखी एक रीत होती. पहिलं मूल होईपर्यंत सुनेनं सासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही. खांद्यावर शाल, नजर खाली. त्यामुळे माणसं दिनेओच्या देखत असं बोलायची, जणू ती कोपऱ्यातला रांजण. आधी तिला याचं वाईट वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की रांजणाला पुष्कळ ऐकू येतं.

लग्नानंतर तिला बसायला एक कातडं दिलं होतं. तांबडं, पांढऱ्या ठिपक्यांचं. पहिल्याच आठवड्यात चुलीतला निखारा उडाला आणि त्याला बोराएवढं भोक पडलं. सासूबाई रागावतील म्हणून ती नेमकी त्या भोकावरच बसायची. एक दिवस कातडं नाहीसं झालं. ती धास्तावली. काही दिवसांनी ते परत आलं, भोकासकट, आणि कुणी काही बोललं नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर ते पुन्हा गेलं, पुन्हा आलं. हे जातं तरी कुठे, तिला कळत नव्हतं.

ते आज कळलं.

"तांबडी यंदा दुष्काळानं मेली म्हणू," पुले म्हणत होते. "मागच्या खेपेला सिंहानं मारली होती."

"त्याआधी साप चावला होता," मोखेले म्हणाले. "फार सोसलं बिचारीनं."

दोघं पोट धरून हसले.

"आणि तुमेलोच्या लग्नात मेलेल्या त्या चार?"

"हळू बोला! मजेत आहेत त्या, व्याह्यांकडे."

तुमेलो म्हणजे दिनेओचा नवरा. त्या देशात लग्नात मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला गाई द्यायच्या असतात. गाई पोचल्या की लग्न पक्कं, गाई परत गेल्या की लग्न मोडलं. दिनेओच्या बापाच्या दारात चार गाई आल्या तेव्हा चौघींचे डावे कान टोकाशी कापलेले होते. काटेरी झुडपात अडकून फाटले, असं सांगितलं होतं. काट्यांना डावाच कान कसा आवडतो, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. तिनंही नाही.

त्या दिवसापासून तिला एका जागी बसवेना. लापशी करपायची. पाणी भरून आणलं तरी ती पुन्हा घडा घेऊन निघायची. कातड्यावर टेकली की निखाऱ्यावर बसल्यासारखी उठायची.

शेवटी तिनं तुमेलोला विचारलं, "आपल्या लग्नातल्या गाई कुठल्या?"

"बाबांनी आणल्या." तो दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाला. "तू त्यात पडू नकोस. गाई गेल्या तर तूही जाशील." दम देतोय असं वाटलं नाही. विनवणीच वाटली.

इकडे नव्या गाई धाडता धाडता राजाचं खिल्लार आटलं. दूध निम्म्या घरांना पोचेना. राजा स्वतः गावात आला. मोठ्या झाडाखाली सभा भरली आणि मंडळानं त्याच्यापुढे कातडी पसरली.

"दरसाल मी गाई धाडतो आणि दरसाल मला कातडी येतात," राजा म्हणाला. "हा कळप काही राज्याच्यानं चालायचा नाही. नदीपलीकडचा व्यापारी विकत घ्यायला तयार आहे."

तो व्यापारी पुल्यांचा जावई. मोखेल्यांनी दुःखी चेहरा केला. चांगला जमला.

"महाराजांची इच्छा," ते म्हणाले.

"आणि दूध?" रिकामं गाडगं घेऊन आलेल्या एका म्हातारीनं मागून विचारलं.

"मिळेल की, आजीबाई," पुले म्हणाले. "विकत."

दिनेओ गुडघे टेकून पाहुण्यांना पाणी देत होती. राजानं वाडगा घेतला. आता तिनं मागे सरकायचं. तेवढ्यात वाऱ्यानं तांबड्या कातड्याची कड उचलली आणि त्या भोकातून पलीकडची माती दिसली. दिनेओ सरकली नाही. उभी राहिली.

"महाराज, त्या कातड्याला भोक आहे. ते माझ्या चुलीतल्या निखाऱ्यानं पडलंय, माझ्या लग्नाच्या आठवड्यात."

"सूनबाई!" मोखेले ओरडले.

राजानं भोकात बोट घातलं. "ही गाय यंदा मेली ना?"

"यंदाच, महाराज! पोरीला काय कळतंय?"

"मी दोन पावसाळे त्यावर बसतेय, महाराज. माझ्यापुरती तरी ती मेलेलीच होती."

मागे कुणीतरी फसकन हसलं. राजा हसला नाही. "मग बाकीच्या गाईही अशाच मेल्या असतील. आहेत कुठे त्या?"

मोखेले तिच्याजवळ आले. आवाज एकदम खाली आला होता. "पोरी, बस खाली. हे घर तुझंही आहे."

ते खरंच होतं. दिनेओनं तुमेलोकडे पाहिलं. तो आपल्या पायांकडे बघत होता. तिनं हातातला पाण्याचा घडा खाली ठेवला. म्हातारी गाडगं पोटाशी धरून तशीच उभी होती. लहानपणी असंच गाडगं धरून दिनेओ दारात उभी राहायची. ते भरलं की हातांना गरम लागायचं.

"सगळ्या कुठे आहेत ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "चार माझ्या बापाच्या दारात आहेत. चौघींचे डावे कान खुणेच्या जागीच कापलेत, ते बघा, कुणाच्या आहेत ते कळेल. त्या आजच कळपात न्या, आणि कळप विकू नका. मी त्याच दुधावर वाढले. गाई गेल्यावर मी कुणाची सून, ते माझं मी बघेन."

तात्पर्य: जे सगळ्यांचं आहे ते वाचवायचं असेल, तर त्यातलं जे आपल्या दारात येऊन बांधलं गेलंय, ते आधी सोडावं लागतं.