पेटीत काय आहे?

एका राज्यात कोठारं राखणाऱ्या भांडाऱ्याची गादी ओस पडली होती, आणि ती मागायला जो जाई तो दगड होई. खोटं नाही सांगत, खरोखरचा दगड! दरबाराच्या दाराशी अशांची रांगच उभी होती. कुणाचा हात वर, कुणाची मान झुकलेली. शेवटचा रायाजी, तोंड उघडं, बोलता बोलता थिजलेला. दर उमेदवाराच्या चुकीसरशी राजाही थोडाथोडा दगड होत गळ्यापर्यंत आला होता. शाप जुन्या जादूगाराचा. तो ज्याच्या हातून उतरेल त्याला गादी मिळणार होती, आणि सगळे सुटणार होते.

आवडी ही रायाजीची धाकटी बहीण. तिनं ठरवलं, आता आपण जायचं.

मामांनी तयारी करून घेतली. रायाजीचीही त्यांनीच करून घेतली होती. ताठ उभं राहायचं, आवाज खणखणीत ठेवायचा. "आणि पोरी, 'ठाऊक नाही' एवढं मात्र म्हणू नकोस," मामा म्हणाले. "त्या दरबारात असं म्हणणाऱ्याची जीभ छाटतात. पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज आहे. सुचेल ते ठोकून दे."

"दादालाही हेच सांगितलं होतंत, मामा?"

मामांनी मान खाली घातली.

दारातून आत शिरताना भावाचा गार हात तिच्या खांद्याला लागला. किती भ्याली म्हणून सांगू! आत दगडी राजाच्या सिंहासनाच्या पाठीवर डोमकावळा बसला होता. जादूगार मरताना त्यालाच प्रश्न विचारायला नेमून गेला होता. एका बाजूला सुरी घेतलेला शिपाई, पुढ्यात गंजलेली लोखंडी पेटी.

"प्रश्न तीन," कावळा म्हणाला. "चुकलीस की दगड. तू कोण?"

"मी आवडी. कशालाही न भिणारी!" मामांनी शिकवलं होतं, तसंच खणखणीत.

पायाची बोटं गार पडली. खाली बघते तर काय, दाही बोटं दगडाची! अगं बाई गं, आता कसं व्हायचं?

"कशासाठी आलीस?"

राजसेवेसाठी, हे पढवलेलं उत्तर. ते ओठांवर आलं मात्र, गारठा घोट्यांपर्यंत चढला. आवडीनं उत्तर गिळलं.

"भावाला सोडवायला," ती म्हणाली. "आणि मला फार भीती वाटतेय."

गारठा घोट्यांशीच थांबला. तेव्हा तिला उमगलं. इथे चूक म्हणजे खोटं, दुसरं काही नाही.

"या पेटीत काय आहे?"

सोनं? मोती? काय वाटेल ते सांगता आलं असतं, पण तेही खोटंच. आणि खरं सांगावं, तर शिपायाची सुरी वर उचललेली. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"ठाऊक नाही."

दरबाराचा श्वास अडकला. शिपायानं येऊन तिची हनुवटी धरली.

"थांबा," ती रडत रडतच म्हणाली. "आधी पेटी उघडून बघू द्या. मग जीभ घ्या."

कावळ्यानं मान तिरकी केली. "उघड. आजवर कुणी बघायला मागितलंच नाही."

झाकण करकरलं. आत ना सोनं, ना मोती. वाळलेल्या खारकेएवढी एक जीभ होती. माणसाची.

"माझ्या धन्याची, त्या जादूगाराची," कावळा म्हणाला. "या राजाच्या पणजोबानं विचारलं, मी किती जगेन? धनी म्हणाला, ठाऊक नाही. एवढाच त्याचा गुन्हा."

शिपायाच्या हातून सुरी गळून पडली. आवडीनं ती जीभ पदरात घेतली आणि दगडी पाय फरफटत नेऊन अंगणातल्या चाफ्याखाली पुरली. माती लोटली, तसे तिचे पाय हलके झाले आणि दारातली सगळी रांग खोकायला लागली. रायाजीनं अडकलेला शब्द पुरा केला, "...हिरे!" मग बहिणीला बघून असा काही ओशाळला की विचारू नका.

राजानं गळा चोळला आणि आवडीला गादीवर बसवलं.

"भांडारीणबाई, कोठारं कित्येक वर्षं बंद आहेत. आतलं धान्य टिकलं असेल का?"

सगळा दरबार तिच्याकडे बघू लागला.

"ठाऊक नाही, महाराज. किल्ल्या द्या, बघून सांगते."

राजानं किल्ल्या दिल्या.